साइन-ऑफ देण्याआधी : चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअरं तपासणाऱ्या मराठी टेस्टरांना खुलं पत्र

प्रिय टेस्टर मित्रमैत्रिणींनो,

स.न.वि.वि.

हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत आणि तिकडे न्यू जर्सीत, डॅलसमध्ये बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधणं ज्यांच्या पोटापाण्याचं काम आहे, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. डेव्हलपरांसाठी नाही. त्यांना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. एआयच्या नैतिकतेवर परिषदा भरतात तेव्हा बोलावणं जातं ते मॉडेल बनवणाऱ्यांना. रिलीजच्या आदल्या रात्री ‘पास’ की ‘फेल’ हे ज्यांना लिहावं लागतं, त्यांना कोणी काही विचारत नाही. मीही त्याच पंगतीतली, म्हणून तुमच्याशीच बोलते.

विषय मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा आहे. ‘आपला काय संबंध’ असं मनात येईल. त्यावर पुढे बोलूच. आधी वुडब्रिजला जाऊन येऊ.

न्यू जर्सीतलं वुडब्रिज तुमच्यातल्या कित्येकांच्या पायाखालचं आहे. ओक ट्री रोडचा इसेलिनकडचा टप्पा याच टाउनशिपमध्ये मोडतो, शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही तोच. जानेवारी २०१९मध्ये इथल्या एका हॉटेलातल्या दुकानातून कोणीतरी खाऊ चोरला, पोलिसांना खोटं लायसन्स दिलं आणि गाडी पोलिसाच्या अंगावर जाता जाता राहील अशी हाकत पळ काढला. त्या खोट्या लायसन्सवरचा फोटो चेहरा ओळखणाऱ्या यंत्रात घातला आणि यंत्राने नाव दिलं निजीर पार्क्स. हे गृहस्थ कृष्णवर्णीय, राहणार पॅटरसनचे. चोरी झाली त्या वेळी ते जवळजवळ ५० किलोमीटरवर पैसे पाठवायच्या एका काउंटरवर होते, आणि त्याची पावतीही त्यांच्याकडे होती. तरी त्यांनी १० दिवस तुरुंगात काढले. खटला रद्द व्हायला नोव्हेंबर उजाडला.

डेट्रॉइटच्या रॉबर्ट विल्यम्स यांचं प्रकरण जास्त गाजलं, आणि आपल्या कामाच्या दृष्टीने ते जास्त शिकवणारंही आहे. शिनोला या महागड्या घड्याळांच्या ब्रँडच्या दुकानातून ऑक्टोबर २०१८मध्ये सुमारे ३,८०० डॉलरची घड्याळं गेली. सीसीटीव्हीतलं अंधुक चित्र राज्य पोलिसांच्या यंत्रणेत शोधायला टाकलं. यंत्राने जे संभाव्य चेहरे काढले त्यात विल्यम्स यांचा जुन्या लायसन्सवरचा फोटो होता. मग पोलिसांनी सहा फोटो मांडून दुकानाच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या एका बाईंना विचारलं, यातला कोण? त्यांनी विल्यम्सवर बोट ठेवलं. या बाई चोरीच्या वेळी दुकानात नव्हत्या, त्यांनीही तो व्हिडिओच पाहिलेला होता. ९ जानेवारी २०२० रोजी विल्यम्स कामावरून घरी आले आणि बायको व दोन लहान मुलींच्या देखत अंगणात त्यांना बेड्या पडल्या. जवळजवळ ३० तास कोठडीत काढावे लागले. चौकशीत पोलिसांनी व्हिडिओतलं चित्र समोर टाकलं तेव्हा त्यांनी ते उचलून आपल्या चेहऱ्याशेजारी धरलं आणि विचारलं, सगळे काळे लोक तुम्हाला सारखेच दिसतात का? पोलिसांचं उत्तर असं, की मग कॉम्प्युटर चुकलेला दिसतोय.

आता हे बातमी म्हणून बाजूला ठेवा आणि टेस्टर म्हणून वाचा. फाइलमध्ये दोन पुरावे आहेत. एक यंत्राने दिलेलं नाव, दुसरा साक्षीदाराने केलेली ओळख. पण दुसरा पुरावा पहिल्याच्याच आउटपुटवर उभा आहे. लाखो फोटोंतून यंत्राने चोरासारखा दिसणारा माणूस शोधून काढला आणि मग साक्षीदाराला विचारलं की यांपैकी चोरासारखा कोण दिसतो. तोच दिसणार, नाहीतर आणखी कोण? एकाच मॉड्यूलच्या निकालाने त्याच मॉड्यूलला पास करण्याचा हा प्रकार आहे. आपल्याकडे असा टेस्ट केस कोणी लिहिला तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याची सालं काढू.

दुसरं असं की, हे शोधयंत्र ‘असा माणूस माझ्याकडे नाही’ असं आपणहून म्हणत नाही. त्याला जितके उमेदवार मागाल तितके ते उतरत्या गुणांनी काढून देतं. खरा चोर त्या संग्रहात नसला तरी यादी येतेच आणि यादीत कोणीतरी पहिला असतोच. किती गुणांखाली यादी रिकामी दाखवायची, हा थ्रेशोल्ड माणूस ठरवतो. आपल्याकडेही दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितलंय की ८० टक्क्यांच्या वर साम्य आलं की ते ओळख पटली असं धरतात. ८०च का, ९५ का नाही, हे ज्याने विचारायला हवं तो त्या खोलीत नसतो. किंवा असतो, पण गप्प असतो. डेट्रॉइटचे तेव्हाचे पोलिसप्रमुख जेम्स क्रेग यांनी तर २०२०मध्ये जाहीरपणे सांगून टाकलं, की नुसत्या या तंत्रावर विसंबलो तर १०० पैकी ९६ वेळा चुकीचा माणूस निघेल. ९६! आपल्या एखाद्या प्रॉडक्टबद्दल क्लायंट असं बोलला असता तर त्या रात्री फ्लोअरवर कोणी घरी गेलं नसतं. तिथे मात्र ते यंत्र वापरात राहिलं आणि फेब्रुवारी २०२३मध्ये त्याच शहरात आठ महिन्यांच्या गरोदर कृष्णवर्णीय बाईला गाडी लुटल्याच्या आरोपाखाली उचललं गेलं. व्हिडिओतल्या बाईला पोट दिसत नव्हतं. हे बघायला कुठलंच अल्गोरिदम लागत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या-माझ्या रिपोर्टमध्ये वर ठळक अक्षरांत एक आकडा असतो, ॲक्युरसी, म्हणजे एकूण अचूकता. माझं सगळं भांडण त्या एका आकड्याशी आहे.

२०१८ साली जॉय बुओलामविनी आणि टिमनित गेब्रू या दोघी संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. तीन मोठ्या कंपन्यांची बाजारात असलेली सॉफ्टवेअरं घेतली. चेहरा बाईचा की पुरुषाचा, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. तपासायला फोटो घेतले ते रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका आणि आइसलंड, फिनलंड, स्वीडन इथल्या खासदारांचे, एकूण १,२७०. मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरची सगळे फोटो मिळून अचूकता निघाली ९३.७ टक्के. कुठल्याही डेमोत टाळ्या घेईल असा आकडा. मग दोघींनी तोच निकाल त्वचेचा रंग आणि लिंग यांप्रमाणे फोडला. उजळ पुरुषांच्या बाबतीत एकही चूक नाही. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत चूक २०.८ टक्के. आयबीएमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच चूक ३४.७ टक्के, म्हणजे दर तीन बायकांमागे एकीला ते पुरुष म्हणत होतं. नवा शोध नाही, नवं गणित नाही, एक पिव्हट टेबल, म्हणजे आकडे गटागटाने मांडणारा तक्ता! आपल्यातल्या फ्रेशरला जमेल असं काम. पण त्या कंपन्यांच्या स्वतःच्या टेस्टिंगमधून ते बाहेर आलं नव्हतं. ते केलं दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनी, कारण बुओलामविनींचा स्वतःचा चेहरा त्या आधीच्या एका सॉफ्टवेअरला दिसतच नव्हता. पांढरा मुखवटा चढवल्यावर दिसला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९मध्ये, अमेरिकन सरकारच्या निस्ट या मानक संस्थेने १८९ अल्गोरिदम तपासले. खोटी जुळणी, म्हणजे दोन वेगळ्या माणसांना एक ठरवणं, ही चूक आफ्रिकन-अमेरिकन आणि आशियाई चेहऱ्यांच्या बाबतीत गोऱ्यांच्या तुलनेत कित्येक अल्गोरिदमांमध्ये १० ते १०० पट निघाली. पोलिस करतात तशा शोधात सर्वांत जास्त खोट्या जुळण्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या. गंमत म्हणजे चीनमध्ये तयार झालेल्या काही अल्गोरिदमांना पूर्व आशियाई चेहऱ्यांची अडचण नव्हती. म्हणजे काळ्या किंवा आशियाई चेहऱ्यातच काही गूढ आहे आणि यंत्राची तिथे निसर्गतःच गाडी अडते, असलं काही नाही. जे दाखवलं ते शिकलं.

इथे डेव्हलपर मंडळी काखा वर करतात. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डेटाच तसा होता.’ कबूल. पण पोहरा वर आला की पाणी कसं आहे ते बघून मगच घागर पुढे देण्याचा पगार आपल्याला मिळतो ना?

मागे एका क्लायंटच्या लॉगिन मॉड्यूलचा रिपोर्ट माझ्याकडे आला. चेहरा दाखवायचा आणि आत जायचं, असं ते प्रकरण. टेस्ट डेटाच्या फोल्डरचं नाव होतं ‘डायव्हर्स’. उघडून बघितलं तर आमच्याच टीमचे सेल्फी, त्यात दोघं चष्मा लावून आणि चष्मा काढून असे दोनदा आलेले, शिवाय कोणीतरी इंटरनेटवरून उतरवलेले चार हिंदी सिनेनट. रंगाप्रमाणे निकाल दाखवायच्या रकान्यात लिहिलं होतं ‘लागू नाही’. मी विचारलं तर लीड म्हणाला, ‘अगं, ते स्कोपमध्ये नाहीये. आणि आपण काय कमी सावळे आहोत का? आपल्यावर चाललं म्हणजे झालं.’ मी तो रकाना बदलून ‘तपासलेलं नाही’ असं केलं आणि रिपोर्ट पुढे पाठवला. क्लायंटकडच्या एका बाईंनी कॉलवर तेवढ्यावरच बोट ठेवलं आणि रिलीज लांबणीवर पडलं. लीड माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होता, ते सोडा. सांगायचं एवढंच की वाद झाला नाही, भाषण झालं नाही, एक रकाना खरा भरला.

‘आपण काय कमी सावळे आहोत का’ हे त्याचं म्हणणं वरवर खोटं नाही, आणि म्हणूनच ऑक्सिमीटरची गोष्ट सांगते. करोनात आपण घरोघरी बोटाला लावला तो चिमटा. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई तोच घेऊन दारोदार फिरल्या. चिमट्यातून लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून जातो, रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे तो कमीजास्त शोषला जातो, त्यावरून आकडा निघतो. पण त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२०मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवलं की चिमटा ९२ ते ९६ असा बरा आकडा दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८च्या खाली गेलेला आहे, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा झालं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. म्हणजे श्वास लागलेला माणूस समोर आहे आणि यंत्र सांगतंय की ठीक आहे, घरी जा.

आणि या यंत्राला परवानगी मिळण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, २०१३ची अपेक्षा काय होती? किमान १० निरोगी माणसांवर चाचणी, त्यात गडद वर्णाचे किमान दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दोन माणसं! दोन सँपलवर कोणी मला निष्कर्ष काढून दाखवला तर मी फाइल परत करते. जानेवारी २०२५मध्ये नव्या नियमांचा मसुदा आला, त्यात चाचणीतल्या एकूण माणसांची संख्या किमान १५०वर नेली आहे. चूक दिसल्यापासून इतकी वर्षं गेली, आणि आता कुठे मसुदा.

तर मग संबंध काय, या प्रश्नाकडे येते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. पुण्यात बसून, तार आणि आगबोटीच्या जमान्यात. जुलै १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या, कारण अस्पृश्यांसाठी तोच मार्ग घ्यावा असं त्यांच्या मनात होतं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला डू बॉइस यांचं उत्तर आलं. १९७२ साली मुंबईत दलित तरुणांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतलं पँथरचं, आणि ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं हे सगळ्यांना माहीत होतं. या दोन लढ्यांनी एकमेकांचा पत्ता कायम जवळ ठेवला होता. आज वंशवादविषयक संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक आहेत बंगळुरूच्या अश्विनी के. पी., दलित समाजातून आलेल्या. त्यांनी २०२४चा अहवाल मानवाधिकार परिषदेला दिला तो नेमका एआय आणि वांशिक भेदभाव यावर. आपण एप्रिलमध्ये ऑफिसात फोटोला हार घालतो, पेढे वाटतो आणि दुपारी त्याच टेबलावर ‘लागू नाही’ लिहितो.

शिवाय आपल्या घरी काय चाललंय? पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलांना फ्लॅट मिळवताना काय ऐकावं लागतं हे कोणत्याही ब्रोकरला विचारा. एका प्रशिक्षण संस्थेच्या गेटवर हजेरीचं चेहरा-यंत्र होतं. तिथे एक सुदानी मुलगा रोज सकाळी उभा राहायचा आणि वॉचमन मोबाइलचा टॉर्च त्याच्या तोंडावर मारायचा. मग टिंग वाजायचं. वॉचमन मला मोठ्या समाधानाने म्हणाला, ‘टॉर्च मारला की होतंय ताई, काही प्रॉब्लेम नाही.’ मुलगा डोळे मिटून घ्यायचा, मग यंत्र पुन्हा नको म्हणायचं, मग पुन्हा टॉर्च. मागे रांग वाढायची आणि रांगेतले हसायचे. त्या यंत्राच्या रिपोर्टवर कुठेतरी कोणीतरी ‘पास’ लिहिलेलं असणार.

जगाच्या दुसऱ्या टोकाचं थोडक्यात सांगून पुढे जाते. चॅटजीपीटीला घाणेरडा मजकूर ओळखता यावा म्हणून तो वाचून वाचून लेबलं लावण्याचं काम नैरोबीतल्या माणसांनी केलं, आणि जानेवारी २०२३मध्ये बाहेर आलेल्या माहितीनुसार त्यांच्या हातात ताशी दोन डॉलरहूनही कमी पडत होते. मे २०२३मध्ये तिथल्या कंटेंट मॉडरेटरांनी युनियन काढायचं ठरवलं. आपण त्यांच्या लेबलांवर टेस्ट रन करतो, म्हणून ही गोष्ट आपल्या कानावर असावी.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांमधलाच मोठा गट म्हणतो, आमचे चेहरे नीट ओळखणारं यंत्र आम्हाला नकोच आहे. डेट्रॉइटची तीन-चतुर्थांशांहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय, आणि २०१६पासून तिथल्या पेट्रोल पंपांवर, दुकानांवर थेट पोलिसांना जोडलेले कॅमेरे लागलेत. यंत्र १०० टक्के अचूक झालं तरी ते कोणावर रोखलेलं आहे हे बदलत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने मे २०१९मध्ये पोलिसांना आणि शहराच्या खात्यांना हे तंत्र वापरायला बंदीच केली. मला स्वतःला हा गट बरोबर वाटतो. पोलिसांच्या हातातलं यंत्र सुधारत बसण्यापेक्षा काढून घेणं चांगलं. पण ते ठरवायला नगरपालिका आहे, कोर्ट आहे. माझ्या टेबलावर येतं ते बिल्ड, म्हणजे तपासायला दिलेली सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि बिल्ड आल्यावर मी त्याबद्दल खोटं लिहायचं नाही, इतकं तरी मला ठरवता येतं. शिवाय खरा आकडा कागदावर असला की बंदी मागणाऱ्यांच्याच हाताला तो लागतो. विल्यम्स यांच्या खटल्यात जून २०२४मध्ये तडजोड झाली. ३ लाख डॉलर भरपाई मिळाली, पण त्याहून मोलाचं म्हणजे डेट्रॉइट पोलिसांना नुसत्या चेहरा-जुळणीवर कोणाला अटक करता येणार नाही, जुळणीनंतर लगेच फोटो मांडून साक्षीदाराला विचारता येणार नाही, आणि २०१७पासूनची जुनी प्रकरणं तपासावी लागतील. वर मी ज्या ‘दुसऱ्या पुराव्या’बद्दल बोलले, त्याच बगचा हा फिक्स आहे.

आता तुमच्याकडे मागणं. चेहरा, त्वचा, आवाज यांच्याशी संबंध असलेलं काहीही तुमच्याकडे तपासायला आलं तर एकत्रित आकड्यावर सही करू नका. निकाल गटागटाने फोडून मागा आणि गडद स्त्रियांचा आकडा वेगळ्या ओळीत असू द्या. खोटी जुळणी आणि खोटा नकार, म्हणजे खरा माणूस असूनही न ओळखणं, एकत्र मिसळू देऊ नका. फोनचं लॉक उघडलं नाही तर माणूस वैतागतो, पण पोलिसांच्या यादीत नाव आलं तर माणूस तुरुंगात जातो. थ्रेशोल्ड कोणी ठरवला, कधी, कशावरून, हे रिपोर्टमध्ये लिहून घ्या. फोटो नसतील तर ‘तपासलेलं नाही’ असं लिहा, क्लायंटला लाज वाटू द्या.

लीड मंडळींनो, क्लायंट याचे पैसे देत नाही हे मला माहीत आहे. एस्टिमेट करतानाच ते तास घाला. परफॉर्मन्स टेस्टिंगचे घालता तसेच. नंतर मागितले तर कोणीच देत नाही.

आणि ज्यांची नोकरी अजून प्रोबेशनवर आहे त्यांनी मीटिंगमध्ये तोंडाने वाद घालू नये, अप्रेझलला उगाच महागात पडतं. डिफेक्ट लॉग करा. स्टेप्स नीट लिहा, स्क्रीनशॉट जोडा, सिव्हिरिटी ‘क्रिटिकल’ टाका. वरचा कोणी येऊन ती ‘लो’ करेल, कोणी ‘वोन्ट फिक्स’, म्हणजे दुरुस्त करणार नाही, म्हणून बंद करेल. करू दे. बंद करणाऱ्याचं नाव आणि तारीख सिस्टीममध्ये राहते, आणि उद्या एखाद्या वकिलाने मागितली तर ती काढून द्यावी लागते.

कळावे, लोभ असावा.

तुमच्यातलीच एक टेस्टर,
पुणे